दुखणे दिसत नाही, खाडा दिसतो

भारताच्या वैद्यकीय वाङ्मयात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ साली झाली. लेहमान आणि कटबुश या संशोधकांना निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींमध्ये या दोषाचे वाहक आढळले. त्याच वर्षी डनलॉप आणि मजुमदार यांनी वरच्या आसामातील चहामळ्यांवर राबणाऱ्या मजुरांमध्ये या आजाराची नोंद केली. या देशातील सिकलसेलचा इतिहास असा पहिल्याच वर्षी कामगाराशी जोडला गेला. त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षे उलटली. रक्ताची तपासणी सोपी झाली, औषध आले, कायदा आला, राष्ट्रीय अभियान आले. मात्र हा आजार घेऊन रोज कामावर जाणाऱ्या माणसाचे काय होते, हा प्रश्न अजून कोणत्याही आराखड्याच्या केंद्रस्थानी आलेला नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. आदिवासीबहुल भागांतील शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवणे, अशी उद्दिष्टे ठरवण्यात आली. तपासणी, समुपदेशन आणि ओळखपत्र यांवर आधारलेल्या या अभियानाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. विवाहापूर्वी दोन वाहकांना आपली स्थिती ठाऊक असेल, तर पुढच्या पिढीचे दुःख टळू शकते. परंतु हा विचार मुख्यतः जन्माला यायच्या मुलांचा आहे. जो तरुण आज पंचवीस वर्षांचा आहे, ज्याच्या खिशात ओळखपत्र आहे आणि ज्याच्यावर घर चालते, त्याच्यासाठी २०४७ हे साल फार दूर आहे. त्याला उद्याची पाळी गाठायची आहे.

या तरुणाच्या शरीरात नेमके काय घडते, हे विज्ञानाला पुष्कळ आधीपासून ठाऊक आहे. लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला ‘रेणूचा आजार’ म्हटले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच काय तो फरक. पण ऑक्सिजन सोडल्यानंतर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवते आणि लवचीक गोल पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते; ही जेमतेम दहा ते वीस दिवस. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या हाडामांसाला रक्त मिळत नाही आणि असह्य कळा सुरू होतात. हा झटका काही तासांत ओसरतो किंवा कित्येक दिवस टिकतो. वर्षानुवर्षे असे होत राहिले की मांडीच्या हाडाचे डोके झिजून निकामी होऊ शकते, आणि मग अधूनमधून येणारे दुखणे कायमचे मुक्कामाला येते.

झटका कशामुळे येतो याची यादी पाहिली, तर ती एखाद्या कामाच्या ठिकाणाचे वर्णन वाटावी अशी आहे. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी, अतिश्रम, जंतुसंसर्ग, विरळ हवा. पाणी कमी झाले की पेशीतील हिमोग्लोबिन दाट होते आणि तंतू लवकर बनतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. अतिश्रमाने ऑक्सिजन घटतो. आता हेच कारखान्याच्या, दुकानाच्या आणि मळ्याच्या भाषेत मांडून पाहावे. यंत्रापाशी पाण्याची बाटली ठेवण्यास मनाई, ग्राहकांसाठी गार ठेवलेले आणि विक्रेतीला दिवसभर उभे राहावे लागणारे दालन, उन्हातली तोडणी, लागोपाठ दोन पाळ्या. स्वच्छतागृह नाही किंवा लांब आहे म्हणून अनेक स्त्रिया कामाच्या वेळात पाणी पिणेच टाळतात. निरोगी शरीर हे सारे कसेबसे सोसते. सिकलसेल असलेल्या शरीराला त्याचे मोल रुग्णालयात मोजावे लागते.

मजुरी जिथे मोजमापावर ठरते, तिथे हा हिशेब अधिक कठोर होतो. चहाच्या मळ्यात दिवसभरात खुडलेल्या पानांचे वजन होते. तेंदूपानांच्या हंगामात पुडे मोजले जातात. ऊसतोडीत खाडा झाला तर तो उचलीच्या हिशेबात येतो. तराजूला ठणका कळत नाही. गडचिरोली, नंदुरबार, छत्तीसगड, ओडिशा, गुजरातचा आदिवासी पट्टा, निलगिरी आणि आसाम या सिकलसेलच्या नकाशावर बोट फिरवले, तर ते बहुतांशी अंगमेहनतीच्या आणि हंगामी रोजगाराच्या प्रदेशांवरूनच फिरते. आजार आणि काम यांची गाठ इथे भूगोलानेच घातलेली आहे.

वेदना आणि नोकरी यांच्यातील संघर्षाचे मूळ एका साध्या अपेक्षेत आहे. दुखणे खरे असेल तर त्याचा कागद असेलच, असे व्यवस्था गृहीत धरते. या गृहीतकाला छेद देणारा एक महत्त्वाचा अभ्यास अमेरिकेत झाला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिकलसेल असलेल्या २३२ प्रौढांनी जास्तीत जास्त सहा महिने रोज वेदनेची नोंदवही ठेवली. एकूण ३१ हजारांहून अधिक दिवसांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ५४.५ टक्के दिवशी वेदना होती. मात्र त्यासाठी तातडीने वैद्यकीय सेवा घेतलेले दिवस केवळ ३.५ टक्के होते. उरलेल्या वेदनेचा कुठलाही केसपेपर नव्हता. ती घरी सोसली गेली, प्रवासात सोसली गेली, कामावर सोसली गेली.

या आकड्यांचा अर्थ कार्यालयाच्या दृष्टीने फार गंभीर आहे. रुग्णालयाच्या दाखल्यावरच रजा मान्य करणारी व्यवस्था वेदनेचा एक लहानसा तुकडा पाहते आणि बाकीच्या दिवसांना कामचुकारपणा समजते. दुखत असूनही जो कामावर आला, त्याच्या त्या दिवसाची कुठेच नोंद होत नाही. जो आला नाही, त्याचा खाडा लागतो. म्हणजे सोसणाऱ्याला श्रेय नाही आणि थकणाऱ्याला क्षमा नाही. त्यातच रोज हजर राहून हसतमुखाने काम करणारा सहकारी मध्येच चार दिवस गायब झाला की ‘काल तर चांगला होता’ हे वाक्य ठरलेले असते. वेदना चढउताराची असते, हे ज्याला ठाऊक नाही त्याला तिचा उतार ही लबाडी वाटते.

सिकलसेलच्या रुग्णाजवळ निदान एक भक्कम पुरावा असतो. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की वाकडी पेशी दिसते. तरीही त्याच्या दुखण्यावर शंका घेतली जात असेल, तर ज्यांचा कोणताही अहवाल बोलत नाही त्यांची अवस्था काय असेल? फायब्रोमायल्जियात रक्ततपासणी बहुधा सामान्य येते. मायग्रेनचा झटका येऊन गेल्यावर मागे खूण उरत नाही. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस बहुधा ऐन तारुण्यात, नोकरीच्या उंबरठ्यावर सुरू होतो. त्यात विश्रांतीने ताठरपणा वाढतो आणि हालचालीने तो सैलावतो, त्यामुळे सकाळी वाकूही न शकणारा माणूस दुपारी चालताना दिसला की पाहणाऱ्याचा गोंधळ उडतो. २०२० साली जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. अपंगत्वासह जगाव्या लागणाऱ्या वर्षांचे ते जगातील सर्वांत मोठे कारण मानले जाते. प्रश्न मूठभरांचा आहे, अशी समजूत करून घेण्यास इथे जागा नाही.

याबाबत विज्ञानाने आपली भूमिका बदललेली आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावी अशी आहे. १९६५ मध्ये मेलझॅक आणि वॉल यांनी मांडले की वेदनेचा संदेश जसाच्या तसा मेंदूत पोहोचत नाही. मज्जारज्जूतच त्याला एखाद्या दारासारखा अडसर असतो आणि मेंदू तो अडसर कमीजास्त करू शकतो. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवले की इजा झाल्यावर मज्जारज्जूतील चेतापेशी स्वतःच अधिक संवेदनशील होतात. पुढे असे दिसून आले की मूळ जखम भरल्यावरही ही संवेदनशीलता टिकू शकते आणि साध्या स्पर्शालाही वेदनेचे रूप देऊ शकते. २०२० साली आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली. त्या कामासाठी नेमलेल्या कृती दलाचे प्रमुख भारतीय वंशाचे डॉ. श्रीनिवास राजा होते. ऊतींना प्रत्यक्ष इजा झाली असेल किंवा होण्याची शक्यता असेल तेव्हा जसा अनुभव येतो, तशासारखा अप्रिय अनुभवही वेदनाच होय, असे ही व्याख्या मानते. आपल्याला दुखते असे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असेही तिच्यासोबतच्या टिपांत म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा येणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. काही प्रकारांत अशी वेदना स्वतःच आजार असते, हे आता अधिकृत वैद्यकीय मत आहे.

विज्ञान इथवर आले, कायदा मात्र अर्ध्या वाटेवर थांबला आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्क अधिनियमाने दिव्यांगत्वाचे प्रकार सातवरून एकवीसवर नेले आणि त्यात सिकलसेल, हिमोफिलिया व थॅलेसेमिया यांचा समावेश केला. हे मोठे पाऊल होते. पण याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षण ज्या गटांना दिले आहे, त्यांत रक्ताच्या आजारांचा गट नाही. शिक्षणातील आरक्षणाला पात्र ठरलेला सिकलसेलचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो आणि नोकरीच्या दारात तीच ओळख निरुपयोगी ठरते. दीर्घकालीन वेदना हा तर एकवीस प्रकारांतील स्वतंत्र प्रकारच नाही. शिवाय बहुतेक लाभांसाठी दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. सांधा किती अंशांत वळतो हे मोजता येते. पहाटे तीन वाजता उठून बसावे लागते, याची टक्केवारी कशी काढणार?

त्याच कायद्यात एक दार मात्र उघडे आहे. दिव्यांग व्यक्तीची मूळ व्याख्या टक्केवारीवर उभी नाही. दीर्घकालीन कमतरता आणि समोरचे अडथळे यांच्या संयोगाने ज्याच्या सहभागात बाधा येते, तो दिव्यांग, असे कायदा म्हणतो. ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विकाश कुमार खटल्यात याच व्याख्येचा आधार घेतला. लिहिताना हात आखडणाऱ्या, ‘रायटर्स क्रॅम्प’ नावाच्या विकाराने ग्रस्त उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत लेखनिक नाकारण्यात आला होता, कारण त्याचे दिव्यांगत्व ठरवलेल्या टक्केवारीत बसत नव्हते. वाजवी सोय मिळण्यासाठी चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आरक्षण ही एक गोष्ट आणि वाजवी सोय ही दुसरी, हा भेद त्या निकालाने स्पष्ट केला. दीर्घकालीन वेदनेसह नोकरी करणाऱ्यांच्या दृष्टीने या भेदाचे महत्त्व फार मोठे आहे. त्यांतील बहुतेकांना राखीव जागा नको असते. असलेली जागा टिकवायची असते.

ती टिकवण्यासाठी लागते तरी काय? सिकलसेलच्या बाबतीत हाताशी पाण्याची बाटली, वापरता येण्याजोगे स्वच्छतागृह, थंडीपासून आडोसा, दर तासाला पाच मिनिटांची उसंत आणि पूर्वसूचनेशिवाय रजा घेण्याची मुभा. स्पाँडिलायटिससाठी उभे राहण्याची किंवा फिरण्याची मोकळीक आणि सकाळची वेळ तासभर पुढे ढकलण्याची सवलत. मायग्रेनसाठी डोळ्यांवर न येणारा प्रकाश आणि शांत कोपरा. या यादीत खर्चिक वस्तू जवळपास नाहीत. जे खर्ची पडते ते अधिकाऱ्याच्या मनातील हजेरीचे जुने गणित.

इथे आस्थापनांची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती सर्वस्वी खोटी नाही. कोण कधी येणार हे ठाऊक नसेल तर पाळी कशी लावायची? एकाला सवलत दिली तर दहाजण मागतील, त्याचे काय? लहान कारखान्यात पाच माणसे असतात. त्यातला एक आला नाही तर यंत्र बंद राहते. या अडचणी खऱ्या आहेत. परंतु अनिश्चितता ही आजारातच आहे, ती नियमाने नाहीशी होत नाही; तिच्याबद्दल बोलण्याची सोय नसेल तर ती केवळ लपवली जाते. जो माणूस दुखण्याविषयी सांगू शकत नाही, तो ताप आल्याचे सांगतो, नातलग वारल्याचे सांगतो आणि एके दिवशी नोकरी सोडून जातो. अनुभवी कामगार गमावून नव्याला शिकवण्याचा खर्च तेव्हाही होतोच. सवलतीचा गैरवापर होण्याची भीती प्रत्येक हक्काच्या बाबतीत व्यक्त झालेली आहे. तिच्यावर उपाय म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे वर्षातून एकदा घेतलेले, गोपनीय ठेवलेले पत्र. दर झटक्याला नवा दाखला मागणे हा उपाय नव्हे, कारण कळांनी तळमळणाऱ्या माणसाला कागदासाठी रांगेत उभे करण्यासारखेच ते आहे.

विम्याची रचनाही याच दृष्टीने तपासायला हवी. १९४८ च्या कायद्याने उभारलेल्या कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारपणासाठी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्त्याची तरतूद आहे. तिने असंख्य कामगारांना आधार दिला. मात्र तिच्या मूळ रचनेत आजाराच्या प्रत्येक नव्या खेपेतील पहिले दोन दिवस भत्त्यातून वगळलेले असतात. आधीची खेप पंधरा दिवसांच्या आत संपली असेल तरच त्याला अपवाद. एकदाच येणाऱ्या लांबलचक आजारासाठी हा नियम ठीक आहे. महिना दोन महिन्यांनी दोन दिवसांसाठी येणाऱ्या झटक्याला तो जवळजवळ पूर्णपणे वगळतो. आणि चहामळा, कारखाना, कार्यालय यांच्या बाहेर जो बहुसंख्य असंघटित श्रमिक आहे, त्याच्यासाठी तर हे दोन दिवसही नाहीत आणि ते ९१ दिवसही नाहीत.

औषधांनी हा प्रश्न आपोआप सुटेल, अशी आशा बाळगणे स्वाभाविक आहे. हायड्रॉक्सियुरियाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण वाढते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत त्यामुळे वेदनेच्या झटक्यांचे वार्षिक प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत सुझेट्रिजिन या नव्या प्रकारच्या वेदनाशामकाला मान्यता मिळाली. पण ती तीव्र, अल्पकालीन वेदनेसाठी आहे. ४४ टक्के घट ही मोठीच गोष्ट आहे, तरीही उरलेले झटके उरतातच. शिवाय औषध जितके प्रभावी होईल, तितके सिकलसेलचे अधिक रुग्ण चाळिशी-पन्नाशी गाठतील, म्हणजेच अधिक वर्षे नोकरी करतील. उपचारांच्या यशाबरोबर कामाच्या ठिकाणचा प्रश्न लहान होणार नाही, तो वाढेल.

म्हणून काही गोष्टी आताच व्हायला हव्यात. सिकलसेल अभियानात तपासणीच्या आकड्यांसोबत रुग्णांचा रोजगार, गमावलेले दिवस आणि बुडालेली मजुरी यांचीही नोंद व्हावी. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांना समान संधी धोरण तपशीलवार मांडणे नियमांनी बंधनकारक केलेले आहेच. त्यात अधूनमधून उफाळणाऱ्या आजारांसाठी स्पष्ट तरतूद असावी. सरकारी नोकरीत सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हे संरक्षण खासगी क्षेत्रातही यावे. वैद्यकीय विद्यार्थ्यांना वेदना हा विषय भूलशास्त्राच्या कोपऱ्यातून बाहेर काढून शिकवला जावा. आणि भारतातील मळे, खाणी, गोदामे, गिग कामगार यांच्यात वेदनेच्या रोजनोंदींचा अभ्यास व्हावा. वही आणि पेन्सिल एवढ्या भांडवलावर सुरू होऊ शकणारे हे संशोधन कोणत्याही जिल्ह्यातील महाविद्यालयाला झेपणारे आहे.

तोवर एका तरुणासमोरची रोजची निवड तशीच राहील. मुलाखतीत आजार सांगितला तर नोकरी मिळणार नाही, आणि लपवला तर पहिल्याच झटक्यात विश्वास जाईल. या दोहोंपैकी काय करावे, हे त्याला कोणतेही शास्त्र आज सांगू शकत नाही. ज्या दिवशी सांगितल्याने नोकरी जाणार नाही, त्या दिवशी हा प्रश्न त्याच्यापुरता सुटेल. त्यासाठी वेदना मोजणारे यंत्र निघण्याची वाट पाहण्याची गरज नाही. ज्याला दुखते त्याला आधी विचारावे, एवढे विज्ञानाने सांगून ठेवले आहेच.